घोटभर पाणी पिऊन जा

बाळांनो, मी एकदा वसा घेतला होता. मार्गशीर्षातले चारही गुरुवार, घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. 'जपून जा' नाही, 'अमुक घेतलंस का' नाही. पहिला गुरुवार निभावला. दुसऱ्या गुरुवारी लेक मुलाखतीला निघाली. ती उंबरा ओलांडते तोच मी ओरडले, "छत्री!" मार्गशीर्षात! वसा मोडला. त्याचं प्रायश्चित्त म्हणून ही गोष्ट सांगते. हातातलं खाली ठेवा आणि ऐका.

एका जंगलात तुंगाबाई नावाची मुंगूसबाई राहायची. नवऱ्याचं नाव भिकोबा. तुंगाबाईंची धाकटी बहीण रेवा फार दूर, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर नांदत होती. तिथल्या उसाच्या मळ्यांत उंदीर फार माजले, म्हणून मुंगसांना बोलावणं आलं होतं. रेवाचा नवरा तिला घेऊन गेला, तो तिकडचाच झाला.

एक दिवस रेवाचं पत्र आलं.

"ताई, पंधरा दिवस सुट्टी काढून ये. निळं पाणी बघ, पांढऱ्या वाळूत लोळ. आणि जरा लवकर ये गं. माझ्या डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललंय. दिसतंय तोवर तुझं तोंड बघू दे."

तुंगाबाई तेव्हा नुकताच दारातला नाग मारून पंजे धूत होत्या. भिकोबांनी वाचलेलं पत्र ऐकलं आणि तशाच ओल्या पंजांनी पिशवी शोधायला लागल्या.

भिकोबा म्हणाले, "थांब. आधी पत्रक बघू."

त्यांनी जंगलाच्या दरबारातून परमुलखी जाणाऱ्यांसाठीचं सूचनांचं पत्रक आणलं. ते घुबडानं काढलं होतं. घुबड कधी बेटावर गेलं नव्हतं, पण त्याचं अक्षर फार सुंदर होतं.

भिकोबा वाचू लागले. "बेटावर डास आहेत. चावले की ताप येतो. पाणी उकळून प्यावं. पावसाळ्यात वादळं होतात. काळोख पडल्यावर एकटं हिंडू नये. अंगावर सोनं घालून मिरवू नये. जाणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर जावं."

"अहो, मी आत्ता नाग मारला."

"नागाचं वेगळं. तो आपल्या दारातला आहे."

तुंगाबाई वनदेवीकडे कौल लावायला गेल्या. देवीच्या दगडावर दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर राहा. उजवं पडलं.

"देवीनं पत्रक कुठं वाचलंय?" भिकोबा म्हणाले.

मग त्यांनी देवीपुढे सगळं पत्रक मोठ्यानं वाचलं. तळटिपांसकट. पुन्हा उजवंच फूल पडलं, आणि या खेपेला जरा जोरात पडलं.

बेटाकडे जाणारं गलबत वर्षातून एकदाच सुटायचं. वादळं सरली की, मार्गशीर्षात. तुंगाबाई हातावर दही घेऊन निघाल्या. दहा पावलं गेल्या असतील, तोच मागून भिकोबा ओरडले.

"अगं, डासांचं मलम घेतलंस का?"

झालं! मागून हाक आली की परत फिरायचं, पाटावर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. जंगलाची रीतच तशी. तुंगाबाई पाटावर बसल्या. भिकोबांनी पाणी चुलीवर चढवलं.

"उकळताय कशाला?"

"आतापासून सवय नको?"

पाणी निवेपर्यंत गलबत गेलं.

दुसऱ्या वर्षी विम्याचा कागद राहिला. पुन्हा हाक, पुन्हा पाट, पुन्हा चूल.

तिसऱ्या वर्षी तुंगाबाई निघाल्याच नाहीत. भिकोबांना डास चावून ताप भरला होता. मागच्या दारी तुळशीशेजारी फुटकी कुंडी होती, तिच्यातल्या साचलेल्या पाण्यातला डास. महिनाभर अंथरुणातून उठवेना. पण भिकोबांची त्या डासाबद्दल काही तक्रार नव्हती.

"ओळखीचा आहे गं. तीन पिढ्या आपल्याच कुंडीत आहेत ते."

मग पुन्हा पत्र आलं. अक्षर परकं होतं.

"ताई, शेजारणीकडून लिहवून घेतेय. आता मला दिसत नाही. खरं तर मीच कधीची आले असते. पण आमच्या दरबारानं तुमच्या जंगलाचं पत्रक काढलंय. डास आहेत, पाणी उकळून प्यावं, पूर येतात, काळोखात हिंडू नये. शिवाय दारोदार नाग. आमचे हे म्हणाले, अशा ठिकाणी कुणी राहतं तरी कसं? तू सवडीनं ये. आता घाई नाही."

भिकोबांनी पत्र दोनदा वाचलं. मागच्या दारी गेले आणि कुंडी उपडी करून आले.

पुढच्या मार्गशीर्षात तुंगाबाई निघाल्या. दहा पावलं झाली. भिकोबांच्या तोंडून "अ" एवढं बाहेर पडलं. त्यांनी दोन्ही पंजे तोंडावर दाबले. काय आठवलं होतं देव जाणे! डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द आला नाही.

गलबत मिळालं.

बेटावर डास चावले. ताप आला नाही. रेवानं ताईच्या तोंडावरून, कानांवरून, मानेवरून पंजा फिरवला.

"ताई, अगदी तशीच आहेस गं. एक केस पिकला नाही तुझा."

तुंगाबाईंचं डोकं कापसासारखं पांढरं झालं होतं.

"नाही बाई, एकही नाही," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: सावधपणा कधी वाया जात नाही. तुंगाबाई तीन गलबतं थांबल्या, म्हणूनच त्यांचे पांढरे केस बहिणीच्या दृष्टीला पडले नाहीत.

एवढं पुण्य ज्यांना पेलणार नाही, त्यांनी माझा मोडका वसा उचलावा. मलम आदल्या दिवशीच पिशवीत घालावं. पाणी उकळून, निववून भरून ठेवावं. मागच्या दारची कुंडी उपडी करावी. आणि माणूस उंबरा ओलांडू लागलं की आपल्या तोंडावर हात ठेवावा. येत्या गुरुवारपासून मी पुन्हा धरते आहे. बाळांनो, तुम्हीही धरा.