सहा वर्षांची उचकी

'मार्गदर्शक प्राध्यापक आणि त्यांचे संशोधनाचे विषय' असा तक्ता जनरल मेडिसिन विभागाच्या फळ्यावर लागला, तेव्हा तो वरपासून खालपर्यंत वाचणारी एकच व्यक्ती निघाली. फेलोशिपला नुकतीच रुजू झालेली डॉक्टरीण. प्राध्यापक मंडळी तो वाचत नसत, कारण दुसऱ्याला कशात रस आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं आणि आपल्याला कशात आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा समज होता.

तक्त्यात मधुमेह होता, रक्तदाब होता, दमा होता. सातव्या ओळीत, विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत कडक प्राध्यापकांपुढे लिहिलं होतं, 'दीर्घकाळ टिकणारी उचकी'. तिने ते दोनदा वाचलं आणि तिचे डोळे भरून आले.

यात हसण्यासारखं काही नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि शेवटचे नऊ दिवस त्यांना उचकी लागली होती. घास गिळता येईना, डोळ्याला डोळा लागेना. भेटायला येणारा प्रत्येकजण मात्र हसून विचारायचा, "कोण एवढी आठवण काढतंय हो तुमची?" राउंडला येणारे डॉक्टरही हसायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. वडील बिचारे स्वतःही हसायचे, आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं की शिकायचं तर हेच. पण महिनाअखेरच्या शुक्रवारी विषय आणि मार्गदर्शक दोन्ही समितीकडून मंजूर झाले नाहीत, तर विभाग देईल तो विषय घ्यावा लागे. यंदा विभागाकडे वॉर्डातल्या तापाच्या तक्त्यांची तपासणी शिल्लक होती.

त्या प्राध्यापकांना सगळे पाठीमागे गंभीरराव म्हणत. ते हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी कुणाचा विश्वास बसला नसता. तिने त्यांच्या खोलीत जाऊन आपला विषय सांगितला.

"उचकी?" त्यांनी चष्मा काढला.

"हो सर. तुमचाच विषय आहे ना?"

पोरगी चेष्टा करतेय का, हे त्यांनी निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. त्यांनी तिला उद्या यायला सांगितलं आणि ती बाहेर पडताच तरातरा हेडक्लार्कचं टेबल गाठलं.

हेडक्लार्क शांत होता. त्याने तीन वेळा माहिती मागवली होती, सरांनी तिन्ही वेळा उत्तर दिलं नव्हतं, आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही अशी विभागप्रमुख बाईंची सक्त ताकीद होती. तेव्हा रकाना भरायला त्याने सरांची रजेची फाइल धुंडाळली होती. आता त्याच फाइलमधून त्याने सहा अर्ज काढून टेबलावर ओळीने मांडले. सलग सहा वर्षं, ऐन परीक्षांच्या दिवसांत, चार-चार दिवसांची वैद्यकीय रजा. कारण, न थांबणारी उचकी.

"सहा वर्षं एकाच विषयाचा पाठपुरावा, सर," तो म्हणाला. "मला वाटलं, याला रस नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?"

खरी अडचण अशी, की गंभीररावांना आयुष्यात कधी चार मिनिटंही उचकी लागली नव्हती. दरवर्षी ते चार दिवस थोरल्या बहिणीकडे राहायला जात. ती परगावी एकटी राही. तिथे त्यांना कुणी सर म्हणत नसे. अक्का त्यांना बाळ्या म्हणे, केस वाढलेत म्हणून रागावे आणि दुपारी सक्तीने झोपवी. शेतातल्या कामांतून तिला उसंत मिळे ती नेमकी परीक्षांच्या दिवसांत, आणि तेव्हा आजारपणाखेरीज कुणाला रजा मिळत नसे. ताप म्हटलं तर सहकारी बघायला यायचे, छातीत दुखतंय म्हटलं तर रुग्णवाहिका आली असती. उचकीला कुणी येत नाही. फोनवर हसतात आणि ठेवून देतात. विचारपूर्वक निवडलेला आजार होता तो.

"तक्ता बदलायचा तर लेखी द्या सर," हेडक्लार्कने सुचवलं. "'माझा उचकीशी काहीही संबंध नाही', एवढं पुरे. मी याच फाइलला लावतो."

इकडे आड, तिकडे विहीर. गंभीररावांनी सहाही अर्जांकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरिणीचे मार्गदर्शक व्हायला होकार दिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे धोरण त्यांनी पत्करलं. तिने काहीही विचारलं की ते म्हणत, "तुम्हाला काय वाटतं?" ती जाई, चार निबंध वाचून येई आणि उत्तर सांगे. ते मान हलवत. आठवडाभरात तिने घरी आईला सांगितलं की असा गुरू मिळायला भाग्य लागतं, उत्तर तोंडाशी असूनही देत नाहीत. इथवर निभलं असतं. पण विभागप्रमुख बाईंनी तक्ता उशिरा का होईना वाचला, त्यांना हा विषय शेजारच्या कुठल्याच रुग्णालयात नसल्याचं लक्षात आलं, आणि दर मंगळवारी उचकीची खास ओपीडी सुरू झाली. मग प्रत्येक विभाग आपल्याकडची उचकी गंभीररावांकडे धाडू लागला. साध्या खोटेपणाचा असा काट्याचा नायटा झाला.

आता वाचल्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते घरी पुस्तकं घेऊन बसू लागले. बायकोने विचारलं की या वयात कसला अभ्यास, आणि उचकीचा म्हणताच ती पदर तोंडाला लावून आत गेली. ते प्रथमच जरा दुखावले.

तिसऱ्या मंगळवारी एक सुतार आला. अकरा दिवस उचकी, अंगावरचा सदरा सैल झालेला. तपासून झाल्यावर तो म्हणाला, "न हसणारे तुम्हीच पहिले डॉक्टर." गंभीरराव कुणालाच हसत नसत, हे त्याला कुठून कळणार? तो गेल्यावर डॉक्टरीण खाली मान घालून नोंदी करत राहिली आणि त्याच ओघात तिने वडिलांचे ते नऊ दिवस सांगून टाकले. गंभीररावांना आपल्या सहा अर्जांची मनापासून लाज वाटली. तिला खरं सांगावं असं त्यांना वाटलं, पण जीभ रेटेना.

शुक्रवार उजाडला. समितीत पाच जण होते. तिने विषयाचं नाव उच्चारताच शस्त्रक्रियेचे प्राध्यापक खदखदून हसले आणि म्हणाले की यावर संशोधन कसलं, ग्लासभर पाणी पाजा. बाकीचेही हसले. विभागप्रमुख बाईंनी हसू आवरत विचारलं, हा आजार दुर्लक्षित आहे म्हणता, याला पुरावा काय? डॉक्टरिणीकडे वडील होते, पण वडील काही पुरावा म्हणून मांडता येत नाहीत. तापाचे तक्ते तिला डोळ्यांसमोर दिसायला लागले.

गंभीरराव उठले.

"पुरावा मी आहे," ते म्हणाले. "सहा वर्षं मी तुम्हाला उचकीचं कारण सांगून रजा घेतली. ती खोटी होती. मी माझ्या बहिणीकडे जात होतो."

डॉक्टरीण त्यांच्याकडे बघत राहिली.

"चार-चार दिवसांची उचकी, तीही सहा वर्षं. दुसरी कुठलीही तक्रार असती तर तुम्ही मला धरून तपासायला नेलं असतं. या विभागात पंधरा डॉक्टर आहेत. एकानेही विचारलं नाही की जेवण जातं का, झोप लागते का. सगळे हसलात. मला तेच हवं होतं. हिच्या वडिलांना नको होतं."

ते बसले. मग पुन्हा अर्धवट उठून डॉक्टरिणीला म्हणाले, "मला या विषयातलं काही येत नव्हतं. जे येतं ते तुमच्याकडून शिकलो. दुसरा मार्गदर्शक हवा असेल तर मागा."

तिने नको म्हणून मान हलवली.

विषय मंजूर झाला. त्याच बैठकीत गंभीररावांची चोवीस दिवसांची रजा कापायचाही ठराव झाला आणि त्यावर पहिली सही त्यांनीच केली.

दोघं बाहेर आली तर व्हरांड्यात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक एकटेच उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांना सोमवारपासून उचकी आहे.

"मग?" गंभीररावांनी विचारलं.

"मग काय. आम्ही घरात सगळे हसतोय."

डॉक्टरिणीने वही उघडली. गंभीररावांनी भिंतीकडची खुर्ची ओढून प्राध्यापकांना बसवलं आणि विचारलं, "जेवण जातं का त्यांना?"