बेचाळीस प्रश्नांचं पिल्लू

शेवटचा दुधाचा दात मंगळवारी नाश्त्याच्या वेळी पडला. लेकीने तो काड्यापेटीत घातला आणि काड्यापेटी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

"सगळे पडले. आता कुत्रा."

दुधाचे सगळे दात पडले की कुत्रा आणू, असा शब्द तीन वर्षांपूर्वी विषय टाळण्यासाठी बाबांनी दिला होता. जोखीम न तपासता त्यांनी आयुष्यात केलेली ती एकमेव गोष्ट. बाबा विमा कंपनीत होते. कोणाचा अर्ज मंजूर करायचा आणि कोणाला त्याच्या आजोबांच्या हृदयविकारापायी परत पाठवायचं, हे ते ठरवत. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे जोखीमराव म्हणत. समोर म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, कारण प्रत्येकाच्या साखरेचा आकडा त्यांना तोंडपाठ होता.

"आणू," जोखीमराव म्हणाले. "पण पारखून. जातिवंत कुत्र्यांत आनुवंशिक आजार फार."

"आणि माणसांत?" बायकोने विचारलं.

"तो ऑफिसचा विषय आहे."

त्याच आठवड्यात एक बाई डॅशहुंडचं पिल्लू दाखवायला घरी घेऊन आल्या. लांबलचक अंग, बोटभर पाय. पिल्लू लेकीच्या मांडीवर चढलं आणि झोपलं. साधा बाप असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. जोखीमरावांनी मात्र ऑफिसचा बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म काढला, 'अर्जदार' खोडून 'कुत्रा' लिहिलं आणि संदर्भ चाळले. "या जातीला मणक्याचा त्रास. घराण्यातच असतो. नामंजूर." लेकीने झोपलेलं पिल्लू उचलून बाईंच्या हातात दिलं.

मग ओळच लागली. पगला श्वासाचा त्रास. डाल्मेशियनला बहिरेपणाचा धोका. कॉकरचे डोळे, बॉक्सरचं हृदय. महिनाभरात सतरा जाती नामंजूर झाल्या आणि जोखीमरावांना कृतकृत्य वाटू लागलं.

"बाबा, सगळ्यांनाच काहीतरी होतं का?" लेकीने विचारलं.

"होतं असं नाही. होऊ शकतं."

"मग नाही झालं तर?"

या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

शेवटी उरला लॅब्रॅडॉर, आणि त्याच्या खुब्यांची शंका. डॅशहुंडवाल्या बाईंच्याच थोरल्या बहिणीकडे लॅबची पिल्लं होती. या ताई वेगळ्याच पाण्याच्या निघाल्या. फॉर्मवर 'आजोबांच्या मृत्यूचे कारण' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, 'ट्रक.' जोखीमरावांनी शेजारी बारीक अक्षरात नोंद केली : 'रस्ता न बघता ओलांडण्याची खोड घराण्यात आहे का, विचारावे.'

पिल्लांच्या आईच्या खुब्यांचा दाखला ताईंनी दाखवला. पण दाखल्यावर विश्वास ठेवतील ते जोखीमराव कसले! "माझ्यासमोर नवीन एक्स-रे काढा," ते म्हणाले. सगळी वरात जनावरांच्या दवाखान्यात गेली. गुंगी दिलेली ती पस्तीस किलोंची माउली जमिनीवर पसरली होती आणि मदतनीस सुट्टीवर होता.

"मागची बाजू धरता का जरा?" डॉक्टर म्हणाले. "गुडघ्यात वाका हं."

जोखीमराव कमरेत वाकले. कुत्री टेबलावर पोचली, पण जोखीमराव वर आलेच नाहीत. कट् असा आवाज लेकीलाही ऐकू गेला.

"खुबे एक नंबर आहेत," डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले. मग त्यांनी खाली पाहिलं. "कुत्रीचे. तुम्ही माणसांच्या डॉक्टरांकडे जा."

हाडांच्या डॉक्टरांनी मणक्यावर बोट फिरवलं. "घरात कोणाला होतं?"

"वडिलांना," जोखीमराव पुटपुटले. "आजोबांना. दोन्ही काकांना."

"लग्न ठरवताना हे कोणीच बोललं नाही," बायको म्हणाली.

"विचारलं नाही कोणी."

डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ चालणं, तेही जन्मभर. चौथ्या दिवशी लॅबवाल्या ताईंचा फोन आला.

"चौकशी काय तुम्हालाच करता येते?" त्या म्हणाल्या. "लॅब ओढतो हो. तुमच्या कमरेला झेपणार नाही. पिल्लू नाही देणार मी. नामंजूर."

अठरा वर्षांत हजारो लोकांना ऐकवलेला तो शब्द जोखीमरावांनी पहिल्यांदाच पाठीवर पडून ऐकला. फार लागला. लेक दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. ती आत गेली, ऑफिसचा एक कोरा फॉर्म घेऊन बसली आणि तासाभराने तो त्यांच्या छातीवर ठेवून निघून गेली.

'नाव : बाबा. पाठ : खराब, तीन पिढ्या. श्वास : घोरतो, पगसारखा. कान : आईने हाक मारली की ऐकू येत नाही. डोळे : चष्मा कपाळावर ठेवून शोधतो.' सवयीने जोखीमरावांनी मनातल्या मनात गुण मांडले. असला अर्ज त्यांनी चहा पिता पिता फेटाळला असता. शेवटच्या ओळीत निर्णय होता : 'ठेवायचा. आमचाच आहे.'

त्यांनी फॉर्मची घडी घालून तो उशीखाली ठेवला. मग त्यांनी उशाचा फोन ओढला.

"ताई, तुमच्या बहिणीकडचं ते लांबडं पिल्लू... गेलं का हो?"

"कुठलं जातंय? पण त्याला जिने चढू द्यायचे नाहीत, उड्या नाहीत, वजन वाढू द्यायचं नाही. आणि रोज दोन वेळा फिरवायचं."

"मलाही तेच सांगितलंय," जोखीमराव म्हणाले.

पिल्लू आलं ते बाईंचा फॉर्म सोबत घेऊनच. आता त्या बहिणीही प्रश्न विचारायला शिकल्या होत्या. पिल्लू जोखीमरावांच्या शेजारी, त्याच कडक गादीवर आडवं झालं. लेकीने पेन उघडून बाबांच्या हातात दिलं. पहिलाच प्रश्न होता : 'घराण्यात पाठीचा त्रास आहे का?'

जोखीमरावांनी पडल्या पडल्या लिहिलं, 'आहे. दोन्हीकडे.' आणि सही केली.