रणपिसे डॉक्टरांचं स्टूल

रणपिसे डॉक्टर कधीही तुमच्या समोर बसत नाहीत. ते तुमच्या डोक्यामागे, जरासे उजवीकडे बसतात. स्वयंसेवक व्हायचं म्हणून पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा मी त्यांना टेबलासमोरची खुर्ची दाखवली. त्यांनी ती उचलली, टेबलाला वळसा घातला, माझ्या पाठीमागे आणून ठेवली आणि तिथून म्हणाले, "हं, विचार आता." ती सगळी मुलाखत मी भिंतीवरच्या कॅलेंडरला प्रश्न विचारत घेतली. उत्तरं मागून येत होती.

यात विचित्र काही नाही, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर त्यांनी मँचेस्टरच्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम केलं. ऑपरेशनच्या वेळी सर्जन पोटाशी उभा आणि भूल देणारा पेशंटच्या डोक्याशी, स्टुलावर. रिटायर झाल्यावर नोकरी सुटली, जागा काही सुटली नाही. इथल्या मराठी लग्नांचे फोटो बघा. नवरानवरीच्या बरोब्बर मधे, मागे, एक टक्कल आणि चष्मा दिसेल. ते हे. गाडीत मागच्या सीटवर बसतात. आमच्याकडे जेवायला आले की माझा नवरा दर दोन घासांना मान वळवून बघतो.

"अहो डॉक्टर, पुढे या ना, टेबलाशी बसा."

"तू जेव रे. श्वास ठीक आहे तुझा."

"श्वास ठीक आहे" ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी. माणूस काय शिकला, कुठे घर घेतलं, मुलगी कोणत्या युनिव्हर्सिटीत गेली, या गोष्टी ते ऐकून घेतात आणि सोडून देतात. बोलणाऱ्याच्या खांद्यांकडे मात्र त्यांचं बारीक लक्ष असतं.

मी एका लहानशा संस्थेत काम करते. शहराच्या ज्या भागांत मुलं उपाशीपोटी शाळेत येतात आणि शिक्षक दोन-तीन वर्षांत नोकरी सोडून पळतात, तिथल्या शाळांना आम्ही स्वयंसेवक मिळवून देतो. थोडक्यात, मी लग्नं जुळवते. पत्रिका म्हणजे पोलिसांकडून होणारी चारित्र्याची तपासणी. ती जुळली की पाठवणी. बरीच स्थळं चांगली निघतात. रणपिसे डॉक्टरांचं स्थळ मात्र दोनदा परत आलं.

आधी त्यांना एका प्राथमिक शाळेत वाचनाच्या तासाला पाठवलं. सतरंजीवर सहा मुलं, मागे डॉक्टर. आता डॉक्टरांचा आवाज म्हणजे खोल, संथ, एका पट्टीतला. त्या आवाजाने हजारो माणसांना दहापासून उलटं मोजायला लावून झोपवलेलं. गोष्टीतलं अस्वल जंगलात शिरायच्या आत सहाच्या सहा मुलं गाढ झोपली. बाईंचा फोन आला, "लव्हली मॅन, मीनल, रिअली लव्हली. बट द पेरेंट्स आर आस्किंग." मग गणिताच्या क्लबात पाठवलं. तिथे मुलांबरोबर शाळेचा केअरटेकरही झोपला.

तिसऱ्या शाळेची माहिती देत होते तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "मला एक सांग. तिथे पेशंट कोण?"

"मुलं, डॉक्टर. अजून कोण असणार?"

"बघू."

ही शाळा मोठ्या मुलांची. वर्ग इयर नाइनचा, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची पोरं, अंगात वारं भरलेली. गणित शिकवायला हॅना, नोकरीचं दुसरंच वर्ष. तिच्या आधीचे दोन शिक्षक याच वर्गाने पळवून लावले होते. हॅनाने मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "ईस्टरपर्यंत ओढते, मीनल. मग सुपरमार्केटात लागते. टोमॅटो उलट उत्तरं देत नाहीत." मी हसले, पण ती हसत नव्हती. ती गेली तर परीक्षेच्या वर्षापर्यंत या पोरांना रोज नवा बदली शिक्षक मिळणार होता, म्हणजे कोणीच मिळणार नव्हतं.

डॉक्टर आपलं घडीचं स्टूल काखेत मारून ट्रामने आले. मी त्यांना मुलांच्या मागचा कोपरा दाखवला. ते वर्गाकडे बघत उभे राहिले. मग हॅनाकडे बघितलं. मग सरळ पुढे गेले आणि फळ्याजवळ, हॅनाच्या मागे, जरासं उजवीकडे स्टूल मांडून बसले.

"पेशंट सापडला," मला मराठीत म्हणाले.

"मिस, हू इज ही? इन्स्पेक्टर?" एक पोरगं ओरडलं.

"बॉडीगार्ड!" दुसरं.

"आय ॲम हिअर फॉर हर," डॉक्टर म्हणाले. "यू कॅरी ऑन."

त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर जाऊन बसू लागले. काम काहीच नाही. वर्ग चढला की हॅनाचा आवाज चढायचा, आवाज चढला की खांदे वर जायचे, आणि मागून हळूच यायचं, "ब्रीद आउट." हॅना श्वास सोडायची. पोरांना ही भलतीच गंमत वाटली. त्यांनी नक्कल सुरू केली. डॉक्टरांनी म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग फुस्स करून श्वास सोडायचा, बाकांवरचे कागद उडायचे. पण एवढा श्वास सोडल्यावर लगेच ओरडायला अंगात हवा कुठून येणार? त्या शांततेत हॅना एखादं गणित पुरं करून घ्यायची. तास संपला की डॉक्टर तिच्या पाठीशी पुटपुटायचे, "श्वास ठीक आहे." तिने त्यांच्याकडून अर्थ विचारून घेतला.

लगेच सगळी पोरं गुणी बाळं झाली, असं समजू नका. डॉक्टरांच्या टकलावर खोडरबर नेम धरून मारला जाई. ते तो उचलून खिशात ठेवत. मला वाटतं, मँचेस्टरमध्ये खोडरबरांचा एवढा साठा दुसऱ्या कोणाकडे नसेल.

आम्हाला देणगी देणाऱ्यांपैकी एक बाई पाहणीला आल्या. काचेतून बघत त्यांनी विचारलं, "ते नेमकं करतात काय?"

"बसतात."

"आणि?"

"उठत नाहीत," मी म्हटलं.

ईस्टरच्या सुट्टीआधी मी शाळेत गेले, तर रिकाम्या वर्गात हॅना रडत बसलेली. त्या दिवशी वर्गाने तिला पार सोलून काढलं होतं. "मी आज हेडना सांगणार. बस झालं." मी मनातल्या मनात एक छानसं भाषण जुळवायला घेतलं. तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला.

"यू आर टायर्ड. क्वाइट राइट. फक्त मला एवढं सांग, सुट्टीनंतर मी स्टूल कुठे ठेवू?"

हॅना रडता रडता हसली. डॉक्टर तसेच संथपणे बोलत राहिले. "सर्जन कापतो आणि गोल्फ खेळायला जातो. पेशंट उठेपर्यंत मी खोली कधी सोडलेली नाही. तू टोमॅटो विकायला गेलीस तर मला तिथे येऊन बसावं लागेल. थंडी फार असते तिथे."

त्या दिवशी ती हेडकडे गेली नाही. एक टर्म बघते म्हणाली. ती टर्म संपली, उन्हाळ्याची सुट्टीही सरली, आणि सप्टेंबरात पोरं इयर टेनला गेली तेव्हा हॅनाने हेडकडे जाऊन तोच वर्ग मागून घेतला. पहिल्या दिवशी ती यायच्या आत पोरांनी स्टूल जागेवर मांडून ठेवलं होतं.

मग डॉक्टरांना हर्निया निघाला. साधं ऑपरेशन, पण पूर्ण भूल द्यावी लागणार होती, आणि डॉक्टर ऐकेनात. जागेपणीच करा म्हणून हॉस्पिटलशी भांडू लागले. सगळ्या मराठी मंडळींना चेष्टेला विषय मिळाला. मीही म्हटलं, "अहो डॉक्टर, जन्मभर लोकांना झोपवलंत, आणि स्वतःची पाळी आली तर घाबरता होय?"

त्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या समोर बसले. इतक्या ओळखीत मी त्यांना पहिल्यांदा नीट समोरून पाहिलं. म्हातारे दिसत होते.

"भुलेला नाही गं घाबरत," ते म्हणाले. "पूर्ण भूल दिली की पुढचा एक दिवस घरी सोबत लागते. तो नियम मीच किती जणांना बजावलाय. ते विचारतात, घरी कोण आहे? आमची ही, शैला, होती तेव्हा प्रश्न नव्हता. मुलगा टोरांटोला, त्याला कुठे बोलवू? आणि जाग येते ना, तेव्हा माणूस डोळे उघडायच्या आधी कोणाचा तरी आवाज शोधतो. मी प्रत्येकाला सांगायचो, मी आहे इथेच. राइट हिअर. म्हणून म्हटलं, जागाच राहतो. म्हणजे कोणी लागायला नको."

"रात्री तुम्ही आमच्याकडे यायचं," मी म्हटलं.

"तुमचा सोफा आखूड आहे," ते म्हणाले. पण भूल घ्यायला तयार झाले.

ऑपरेशन ऑक्टोबरच्या सुट्टीत झालं. मी वॉर्डमध्ये पोचले तर डॉक्टरांना नुकतंच रिकव्हरीतून आणलं होतं, डोळे मिटलेले. आणि त्यांच्या उशाशी, जरासं मागे, उजवीकडे, हॅना. वर्गातलं घडीचं स्टूल तिने ट्राममधून आणलं होतं. तारीख मी तिला फोनवर सांगितली होती, पण येते असं ती काही म्हणाली नव्हती.

नर्सने तिला विचारलं, "यू फॅमिली?"

"नो," हॅना म्हणाली. "आय ॲम हिज पेशंट."

नर्सला काही कळलं नाही, पण तिने हॅनाला तिथून उठवलंही नाही. थोड्या वेळाने डॉक्टरांच्या पापण्या हलल्या. डोळे न उघडताच त्यांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली.

"राइट हिअर, डॉक्टर," मागून हॅना म्हणाली. मग जपून, एकेक शब्द आठवत, मराठीत म्हणाली, "श्वास ठीक आहे."

डॉक्टरांची मान उशीवर स्थिरावली. एक लांब श्वास सोडून ते पुन्हा झोपले, अगदी निवांत. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते हॅनाने टिपलं. मी चहा आणायला उठले आणि तिलाही चल म्हटलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि स्टूल उशीकडे आणखी थोडं सरकवलं.