बाहुल्याच्या पोटातून मागणी

"डोळे मिटून नेईन मास्तर, डोळे मिटून!"

फिदेन्सिओने छाती ठोकून आन्सेल्मो मास्तरांना सांगितलं. फिदेन्सिओ आमच्या सान मिगेलमधल्या रंगाच्या दुकानात कामाला. गावातली पिवळी, तांबडी, शेंदरी घरं निम्मी-अर्धी त्याच्याच डब्यांतून रंगलेली. त्यामुळे गाव आपल्या बापाचं असल्यासारखा तो हिंडायचा. मास्तर म्हणजे लग्नाच्या वरातीत नाचणारे बाहुले बनवणारे. कागदाच्या लगद्याचं हे एवढं डोकं, वेताचा सांगाडा, वर झगमगीत कपडे, दोन पुरुष उंच! आत माणूस शिरतो आणि पोटाशी ठेवलेल्या फटीतून बघत नाचतो. एक नवरा बाहुला, एक नवरी बाहुली. मास्तरांच्या घराण्यात तर ही जोडी दारात नाचल्याशिवाय खरे नवरा-नवरी जेवणाच्या अंगणात पाऊल टाकत नाहीत.

त्या शनिवारी लग्न खुद्द मास्तरांच्या थोरल्या मुलीचं, एल्विराचं. आणि नवरा बाहुला नाचवणारा माणूस नेमका आदल्या दिवशी जिन्यावरून गडगडलेला!

"चर्चपासून जेवणाच्या जागेपर्यंत माझ्या पोरीची वरात नीट पोचव," मास्तर म्हणाले. "मग रविवारी तुझ्या आईला घेऊन घरी ये. आम्पारोचं बोलू."

आम्पारो म्हणजे मास्तरांची धाकटी. तिच्यासाठी फिदेन्सिओ किती वर्षं झुरत होता ते सगळ्या गावाला माहीत होतं. आम्पारोलाही माहीत होतं. पण तिचीही एक अट होती. "बाबांचं नंतर. आधी मला विचार. स्वतःच्या तोंडाने, नीट!"

इथेच तर घोडं पेंड खात होतं! गिऱ्हाइकासमोर फिदेन्सिओची जीभ कात्रीसारखी चाले, पण आम्पारो समोर आली की टाळ्याला चिकटे. एकदा तर तो नवे बूट घालून मागणी घालायला गेला आणि तिला भिंतीची ओल कशी घालवायची ते समजावून परत आला.

पण आजची गोष्ट वेगळी होती. नवरी बाहुलीच्या आत आम्पारो असणार होती! खांद्याने दणकट पोरगी, लहानपणापासून बाहुल्या नाचवलेली. म्हणजे तिचं तोंड झाकलेलं, याचं तोंड झाकलेलं, आणि मध्ये फक्त कापड. आज बोलायचंच, असं फिदेन्सिओने पक्कं ठरवलं.

चर्चसमोर आम्पारोने त्याला बाहुल्यात घातलं आणि पाठीमागचे पट्टे आवळले. हे पट्टे आतल्या माणसाला स्वतःला सुटत नाहीत. त्याच वेळी मास्तर समोर उभे राहून जेवणाची जागा समजावत होते. पण पाठीवर आम्पारोची बोटं फिरत असताना कोणाला काय ऐकू येणार!

"समजलं ना?" मास्तरांनी विचारलं.

"समजलं!" फिदेन्सिओ म्हणाला. मनात म्हणाला, फुलांनी सजवलेलं गाढव पुढे आहे, त्याच्या मागे जायचं. गाढवाला ठाऊक असतं!

वरात निघाली. पुढे गाढव, मग बाहुला-बाहुली, मग वाजंत्री, मग मंडळी गळ्यात मातीचे इवले पेले अडकवून टेकिला घेत घेत. आणि सगळ्यांच्या मागे परदेशी पाहुणे. आमच्या गावात काय काय बघावं याची त्यांच्याजवळ पुस्तकं असतात, आणि त्यांत लिहिलेलं असतं की वरात दिसली तर खुशाल मागे लागा. ते लागतात!

शनिवारी आमच्या चर्चमधून लग्नं भट्टीतून पाव निघावेत तशी निघतात. पहिल्याच चौकात समोरून दुसरी वरात आली. दुसरं गाढव, दुसरा बाहुला, दुसरी बाहुली! दोन्हीकडचे वाजंत्री हट्टाला पेटले, मंडळी एकमेकांत मिसळली, कोणीतरी फटीतून पेला आत सरकवला आणि फिदेन्सिओने तो रिकामा केला. मग तीन-चार गिरक्या झाल्या. गिरकी थांबली तेव्हा फटीतून बाहुलीचा पांढरा झगा दिसला. शेजारी गाढवाची फुलं लावलेली शेपटी. सगळं जागच्या जागी!

"आता नाही तर कधीच नाही," असं म्हणत फिदेन्सिओने आपला बाहुला झग्याला भिडवला.

"ऐक," तो म्हणाला. "मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहील. तुझ्यावाचून मला जेवण गोड लागत नाही. तुझी चाल दुरून ओळखू येते मला, हजार बायकांत! तुझे वडील हेकट आहेत, मान्य. त्यांचं ओरडणं मी जन्मभर सहन करीन. माझ्याशी लग्न कर!"

 झग्यातून कोणीतरी घसा खाकरला. भलताच जाड घसा!

"भाऊ, बोललास झकास," झगा म्हणाला. "पण माझं लग्न झालंय. शिवाय मला मिशा आहेत."

"तू कोण?"

"मकारिओ! मार्केटात मटणाचं दुकान. आज पुतणीचं लग्न म्हणून नाचतोय. पण हजार बायकांत ओळखलंस हां मला!"

फिदेन्सिओने फटीतून नीट बघितलं. वाजंत्री अनोळखी, गाढवही अनोळखी! म्हणजे मास्तरांची वरात बिनबाहुल्याची पुढे गेली, आणि जागा कुठली ते ऐकलेलंच नाही! रविवार गेला, आम्पारो गेली, सगळं गेलं!

तो वळला आणि पळत सुटला. वर दोन पुरुष उंचीचा नवरा कधी डावीकडे झुकतोय, कधी उजवीकडे. लोकांना वाटलं, काय नाचतोय पठ्ठ्या! परदेशी पाहुण्यांनी पेले सावरले आणि मकारिओची वरात सोडून ते याच्या मागे लागले.

"अहो काकू," फिदेन्सिओने कणसं भाजणाऱ्या बाईला विचारलं, "आन्सेल्मो मास्तरांकडचं जेवण कुठे आहे?"

आता आमच्या गावात कोणी वाट विचारली तर 'माहीत नाही' म्हणत नाहीत. तसं म्हणणं म्हणजे माणसाला दारातून हाकलणं! ठाऊक असो-नसो, वाट सांगायची, आणि ती हात लांब करून, खात्रीने सांगायची.

"अगदी सरळ जा बाळा, मग कारंज्यापाशी वर!" काकू म्हणाल्या.

कारंज्यापाशी बूटपॉलिशवाला होता. "मास्तरांकडचं? हे काय, खाली धुण्याच्या दगडी कुंड्यांपाशी!"

कुंड्यांपाशी धुणाऱ्या बायकांनी एकमताने बैलांच्या मैदानाकडे बोट दाखवलं. मैदानापाशी हवालदार होता. "टेकडीवर," तो म्हणाला. "जिथून सगळं गाव दिसतं ना, तिथेच. आत्ताच गेले सगळे!"

फिदेन्सिओ टेकडी चढला. मागे पाहुण्यांची धाप लागलेली, पण चेहरे फुललेले. वर कसलं जेवण आणि कसलं काय! खाली गुलाबी चर्च, रंगीत गच्च्या, पलीकडे तळं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या थोड्या वेळात इतकं गाव त्यांना कोणीच दाखवलं नव्हतं!

"बाई," फिदेन्सिओ रडकुंडीला येऊन शेजारच्या पांढऱ्या केसांच्या परदेशी बाईला म्हणाला, "तुम्हाला तरी ठाऊक आहे का हो, मास्तरांकडचं जेवण?"

"मला माहीत नाही," ती बाई मोडकंतोडकं बोलत म्हणाली.

काय उद्धट बाई! फिदेन्सिओला वाईटच वाटलं. पण तेवढ्यात खालून, गच्च्यांवरून, एक आवाज आला.

"कुठे तडमडला तो रंगारी? सापडू दे, त्याच्याच डब्यात बुडवतो त्याला!"

मास्तर! आन्सेल्मो मास्तरांच्या शिव्या अख्ख्या गावात ओळखू येतात. फिदेन्सिओचा जीव भांड्यात पडला. त्या शिव्यांचा माग काढत तो गल्ल्यांतून घरंगळत निघाला आणि एका कमानीसमोर येऊन आदळला.

दारात एल्विरा उंच टाचांचे बूट हातात घेऊन उभी, तिचा नवरा भिंतीला टेकलेला, वऱ्हाडी भुकेले. नवरी बाहुली कोपऱ्यात रिकामी. आणि तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून आम्पारो!

"हे कोणाला आणलंस?" मास्तर ओरडले. मागे परदेशी पाहुणे शिस्तीत रांग लावत होते.

"माझ्यामागे लागलेत. मला वाटतं, त्यांना जेवायचंय."

"एवढा वेळ कुठे होतास?" आम्पारोने फटीत तोंड घालून विचारलं.

"तुला मागणी घालत होतो."

"मला? मी तर इथे आहे!"

"ते नंतर कळलं. मकारिओला घातली."

"कोण मकारिओ?" मास्तरांचा आवाज चढला.

"मटणवाला. लग्न झालंय त्याचं."

वऱ्हाडात हशा पिकला. एल्विराच्या हातातले बूट खाली पडले. पण आम्पारो हसली नाही. तिने मागे जाऊन पट्टे सोडले आणि फिदेन्सिओला कॉलर धरून बाहेर ओढलं. घामाने निथळलेला, केसांना लगदा चिकटलेला.

"मटणवाल्याला जे बोललास ते मला बोल," ती म्हणाली. "इथे, सगळ्यांसमोर!"

फिदेन्सिओने तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"या... या कमानीला ओल आली आहे," तो म्हणाला. "आधी चुना..."

आम्पारोने डोळे मिटून घेतले. आता ही आत निघून जाणार आणि संपलं सगळं, असं फिदेन्सिओला वाटलं. त्याला खरंच रडू यायला लागलं. तिने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि बाहुल्याचे कपडे वर उचलून धरले.

"परत आत जा," ती म्हणाली. "तिथून बोल."

तो आत गेला. अंधार, घाम, वेताचा वास. फटीत तिचं नाक तेवढं दिसत होतं.

"आम्पारो," बाहुला म्हणाला, "तू दुकानावरून गेलीस की मी पिवळ्याच्या गिऱ्हाइकाला जांभळा देतो. मालक मला हाकलणार आहे. माझ्याजवळ एक खोली आहे आणि एक आई आहे. मी भित्रा आहे, पण तुझ्याबाबतीत कधी फिरणार नाही. माझ्याशी लग्न करशील?"

 पांढऱ्या केसांच्या त्या परदेशी बाईने रुमाल काढला, तिला एक अक्षर कळलं की नाही देव जाणे.

"करीन," आम्पारो फटीत म्हणाली. "आता नाच. सगळे उपाशी आहेत." आणि डोळे पुसत ती आपल्या बाहुलीत शिरली.

दोघं दारात असे नाचले की कमानीचा रंग उडाला. एल्विरा नवऱ्याचा हात धरून एकदाची आत गेली, वऱ्हाडी गेले, आणि रांगेतले पाहुणेही मास्तरांशी हस्तांदोलन करत करत पानावर जाऊन बसले.  मग मास्तरांनी पुढे होऊन त्या उंच नवऱ्याच्या पोटावर टकटक केलं.

"रविवारी आईला घेऊन ये," ते फटीत म्हणाले. "आणि हा बाहुला घालूनच ये, नाहीतर आम्ही नुसते तुझ्या तोंडाकडे बघत बसू. फक्त आमचं दार बुटकं आहे. डोकं सांभाळ, नवं डोकं करायला मला महिना लागतो."