मन्मथअप्पा आणि सवयीचं मूळ

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांसमोर 'मला सवय आहे' असं म्हणायची सोय नाही. ते हात वर करून थांबवतात. "थांबा. सवय हाय का खोड, ते अगोदर ठरू द्या."

अप्पांचं लातुरात भांड्यांचं दुकान होतं. आता ते भाड्यानं दिलंय, त्यामुळे वेळच वेळ. त्यांच्या मते आपण लावून घेतो ती सवय, शेजाऱ्याला खुपते ती खोड, आणि ज्याच्यापायी ताटातलं जेवण निवतं तो नाद.

माझी मेस आहे. एकदा सिलिंडरवाला तोंडात तंबाखू धरून आला. अप्पा तिथंच बसलेले.

"आदत हाय, अप्पा," तो म्हणाला.

"आदत अरबी शब्द हाय. फिरून फिरून येती ती आदत. आमचे वडील उर्दूत शिकलेले, त्यांनी सांगितलं. तुझं हाय ते व्यसन. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट."

"मग संकट थुकून येतो," म्हणत तो नालीकडं गेला.

खुद्द 'सवय' कुठून आली, याचा पत्ता मात्र अप्पांना अजून लागलेला नाही. पुण्याचा पाहुणा दिसला की त्याला अडवून विचारतात.

गेल्या महिन्यात सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली अप्पा भरलेल्या घागरी अंगणातल्या हौदात परत ओतत होते. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो. भरलेली घागर रिकामी करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

"अप्पा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"हळू बोला, ताई. ती उठंल."

ती म्हणजे काकू. वर्षभरात त्यांना माझं नाव आठवेनासं झालं, मग मुलाचं. पाणी भरणं तेवढं लक्षात राहिलंय.

"भांडी भरलेली दिसली की 'मला माझ्या घरी सोडा' म्हणून दारात बसती," अप्पा म्हणाले. "रिकामी दिसली की पदर खोचती. मग दुपारपर्यंत घर तिचंच असतंय. रविवारी पोरगं तिला पुण्याला न्यायला यायलंय. तिथं चोवीस तास पाणी हाय, ताई. तिथं ती काय करंल?"

मी मेसचे दोन मोठे रिकामे हंडे त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवले. काकू बाहेर आल्या, हंड्यात डोकावल्या.

"कुणाची गं तू? दिवस वर आला अन् घरात घोटभर पाणी न्हाई? आण इकडं."

तेव्हापासून रोज नेते.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला, तेव्हा त्या हौदापाशीच होत्या. तो "आई" म्हणाला.

"पाव्हणं, बाजूला सरा. पाणी भरायले मी."

तो बाजूला सरला. मग गाडीची किल्ली खिशात टाकली, बाह्या सारल्या आणि बादली ओढायला लागला.