वरचा थर सर्वांना

ज्या संस्थेत थर नाहीत तिला संस्था म्हणता येत नाही. फार तर ओळखीची माणसं म्हणता येईल. ग्रंथपालबाई या महाविद्यालयात लागल्या तेव्हा सगळा कारभार कार्यालयातल्या एका फोनवर आणि शिपायाच्या घशावर चाले. एकाचा निरोप साऱ्या इमारतींना ऐकू जाई. (गुप्त असला की जरा जास्तच.)

अशा मागासलेपणावर उपाय म्हणून संगणकांचं जाळं टाकायचं ठरलं. इंजिनिअरने फळ्यावर तीन थर काढले. खालचा थर टेबलाटेबलाशी तारा नेऊन माणसं जोडतो. मधला थर कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवतो. वरचा थर म्हणजे जाळ्याचा गाभा. तो कुणाशी थेट बोलत नाही, फार विचार करत नाही, आलेलं झटपट पुढे ढकलतो.

"अरे, हे तर माझंच काम!" प्राचार्य खूश झाले.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. मग समितीने थर सेवाज्येष्ठतेनुसार वाटायला घेतले. 'खालचा' हा शब्द कानावर पडताच रसायनचे सर ताडकन उठले. "का? आम्ही काय कुणाचं घोडं मारलंय?" त्यांच्यामागून भूगोल उठला, जिमखानाही उठला. अखेर सर्व विभागांना एकमताने वरचा थर देण्यात आला. मधला थर रजेवर असलेल्यांना मिळाला.

"अहो, पण माणसं जोडायची कुठे?" इंजिनिअरने विचारलं. मुद्दा तांत्रिक असल्याने पुढच्या सभेवर गेला.

जाळं उत्तम चाललं. वेग अफाट, तक्रारी शून्य. (तक्रार करायला जोडणी लागते.)

ग्रंथपालबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला. पोरांना वाचनालयात बसून प्रवेशपरीक्षेचे अर्ज भरायचे होते आणि मुदत संपत आली होती. त्या प्राचार्यांकडे गेल्या.

"सर, वाचनालयाला खालचा थर द्या."

"बाई, इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी केलीत आणि शेवटी खालचा? लोक मला काय म्हणतील?"

"म्हणू देत हो. पोरांचे अर्ज अडलेत."

सहानुभूतीचा ठराव झाला आणि तारा आल्या. दुसऱ्या दिवशी पोरांची रांग लागली. रांगेच्या पुढे रसायनचे सर. "बाई, पाचच मिनिटं हं! तुमच्याकडे जाळं चालतं म्हणून आलो." दुपारपर्यंत अख्खा गाभा वाचनालयाच्या बाकांवर येऊन बसला. पोरांचे कसेबसे निम्मे अर्ज गेले.

समितीला गहिवरून आलं. एवढी मोठी माणसं जिथे येतात ती खोली खालच्या थरात ठेवणं बरं दिसेना. संध्याकाळी वाचनालयाला वरचा थर बहाल झाला, बाईंना पुष्पगुच्छ मिळाला आणि तारा काढून नेण्यात आल्या.

वाचकहो, उरलेल्या पोरांसाठी तुमचा जीव तुटत असेल. चांगलंच आहे. खालच्या थरातली जागा अजून रिकामी आहे. इच्छुकांनी हात वर करावा.

सावकाश करा. गर्दी मुळीच नाही.