ओव्हनमधला पाला

ऐक ना, हातातलं ठेव आणि ऐक. शुब्रा मोहल्ल्यातली आपली नशवा, नवीन लग्न झालेली. तिच्या सासूनं, हज्जा इन्शिराहनं, गावाहून मुलुखियाच्या, त्या रश्शाच्या पालेभाजीच्या, ताज्या पाल्याचा हा एवढा भारा पाठवला, वर टोपलीभर पेरू. सोबत निरोप, की पाला धुवून ठेवू नकोस, कोरड्या फडक्यात गुंडाळ, पेरूंपासून लांब ठेव. शुक्रवारी जेवायला येते. भाजी नासलेली दिसली तर महिनाभर राहून शिकवीन.

महिनाभर. दोन खोल्यांत.

आता नशवाला स्वच्छतेचं वेड. तिनं पाला धुतला, फक्त साबण लावायचा बाकी ठेवला. ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, वर गाठ मारली, आणि फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून पेरू त्याच्याच डोक्यावर. शुक्रवारी सकाळी गाठ सोडते तर काय, आत नुसता काळा-पिवळा चिकट लगदा. वास असा, की बाल्कनीत आलेलं मांजर आल्या पावली परत गेलं.

खाली हातगाडीवाला दिसला तशी नशवानं दोरीला बांधलेली टोपली सोडली आणि ताज्या जुड्या वर ओढून घेतल्या. पण नासका पाला टाकणार कुठे? जिन्यात हज्जाच्या चपला वाजायला लागल्या होत्या. तिनं पिशवी सरळ ओव्हनमध्ये सारली.

खरी पंचाईत पुढेच. मुलुखियात लसणीची फोडणी ओतताना दचकल्यासारखा मोठ्यांदा श्वास ओढावा लागतो ना, तशी रीतच आहे, नाहीतर म्हणे पाला तळाशी बसतो. तेच नशवाला जमत नाही. लाजते. उचकी लागल्यासारखं काहीतरी निघतं, आणि तिचा नवरा सब्री बिचारा वर पाणी, खाली पाला असं मुकाट गिळतो.

रश्शाला उकळी आली, लसूण तडतडली. नशवानं डोळे मिटून फोडणी ओतली. आणि नेमका तेव्हाच हज्जानं पाव गरम करायला ओव्हन उघडला.

असा श्वास ओढला त्या बाईनं, की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडून विचारलं, कोण गेलं?

रस्सा एकजीव, मखमलीसारखा. सब्री वाटीवर वाटी ओरपत म्हणाला, "काय श्वास ओढलास गं आज. बाहेर माझ्या अंगावर काटा आला."

नशवाला वाटलं, आता हज्जा सगळं काढणार. हज्जानं पावाचा तुकडा रश्शात बुडवला, सावकाश खाल्ला.

"सून कुणाची आहे?" एवढंच म्हणाली.

नशवाचा जीव भांड्यात पडला. पण भांडी घासताना हज्जा तिच्या कानाशी आली. "राहत नाही मी. पण दर शुक्रवारी येणार. ओव्हनमध्ये काहीतरी ठेवत जा. काय ठेवलंयस ते मात्र मला सांगू नकोस."

आज गुरुवार. गावाहून नवा भारा आलाय. नशवा मघापासून ओट्यापाशी उभी आहे, एका हातात कोरडं फडकं, दुसरा हात नळावर. तू काय केलं असतंस?